सीईटीला प्रॅक्टिकल नसतं

मामा, आता तुम्ही माझ्यावर रागावू शकत नाही, म्हणून एकदाचं सांगून टाकते. सीईटीला प्रॅक्टिकल नसतं.

तेव्हाही नव्हतं. मेडिकलच्या प्रवेशाची ती परीक्षा म्हणजे नुसता पेपर. एक प्रश्न, चार पर्याय, एक गोल काळा करायचा, की झालं. स्पॉटिंग नाही, जर्नल नाही, तोंडी परीक्षा नाही, बाहेरगावचा परीक्षक नाही. तुम्ही दीड वर्षं मला ज्या परीक्षेसाठी घासूनपुसून तयार केलंत, ती परीक्षा या राज्यात कुठेच होत नव्हती. आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

इतकी वर्षं हे वाक्य तोंडात धरून बसले होते. तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले, म्हणून म्हटलं, बोलून मोकळं व्हावं. त्यात आता एक गोम झाली आहे, पण ती तिच्या जागी सांगते. तुम्हाला मधलं सोडून पुढचं सांगितलेलं कधी खपलं नाही.

आपली ओळख झाली तीच मुळी तुम्ही मेल्यामुळे. पनवेलच्या तहसील कचेरीबाहेर टायपिस्टांची रांग आहे ना, त्यातलं तिसरं टेबल माझं. आधी ते बाबांचं होतं. मी बारावी सायन्स झाले त्याच वर्षी बाबा गेले, आणि मेडिकलचा फॉर्म भरायच्या ऐवजी मी बाबांच्या टाइपरायटरवर बसले. पुढे टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, बाई तीच राहिली. तुम्ही आलात तेव्हा मला एकोणतिसावं सरत होतं. तुम्ही टोपी काढून माझ्या कीबोर्डवर ठेवलीत आणि म्हणालात, “बाय, लिव. मी जिता हाय.”

कुठल्याशा कचेरीतल्या कुठल्याशा कागदावर तुमच्या नावापुढे चुकून ‘मयत’ असं लागलं होतं आणि पेन्शन अडकली होती. मी टाइप केलं, ‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की मी आजरोजी जिवंत आहे.’ तुम्ही चष्मा कपाळावर चढवून वाचलंत. “आजरोजी कशाला? उद्याचं काय?” मी म्हटलं, “उद्याचं उद्या टाइप करू.” तुम्ही इतक्या जोरात हसलात की शेजारच्या टेबलावरच्या पक्षकाराने कागदावर चुकीच्या जागी सही केली.

मग तुमचं लक्ष माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडे गेलं. बारावीचं बायॉलॉजी. गिऱ्हाईक नसलं की मी ते टेबलाखाली धरून वाचायची.

“पोराचं?”

“माझं.”

“तुजं कशाला?”

“डॉक्टर व्हायचंय.”

मामा, तोवर हे ऐकून जो तो हसला होता. आई तर म्हणाली होती, लग्नाचं वय गेलं म्हणून पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. मी कुणाला कारण सांगत नसे, तुम्हालाही कधी नीट सांगितलं नाही. अकरा वर्षं मी माणूस मेल्यानंतरचे कागद टाइप केले. वारस दाखला, मृत्यूची नोंद, सातबाऱ्यावरून नाव कमी करणे. माझ्या टेबलापर्यंत माणूस यायचा तो नाव कमी करायलाच. एकदा तरी तो गेला नसताना त्याच्या उपयोगी पडावं, एवढंच माझ्या मनात होतं. सीईटीला वयाची वरची अट नाही, हे मी माहितीपुस्तिकेत तीनदा वाचून घेतलं होतं.

तुम्ही हसला नाहीत. तुम्ही विचारलंत, “प्रॅक्टिकल कुटवर आलंय?”

तेव्हा मला कळलं की तुम्ही इथल्याच कॉलेजात बायॉलॉजीच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालात. लॅब-अटेंडंटला कॉलेजात नावाने कुणी हाक मारत नाही, सगळे मामा म्हणतात. म्हणून तुम्ही माझेही मामा. पण हे ऐकून मी मान खाली घातली, कारण मी बारावीला त्याच लॅबमध्ये होते. आणि त्याच लॅबमध्ये, ट्रेत हातपाय ताणून पिनांनी टोचलेला बेडूक पाहून मी उभीच्या उभी कोसळले होते. टेबलाची कड भुवईवर लागली, तीन टाके पडले. पुढे बेडूक मी केलाच नाही, मैत्रिणीच्या जर्नलवरून उतरवला. जिला डॉक्टर व्हायचं आहे ती मेलेल्या बेडकाला भिते, हे मी सीईटीच्या क्लासलाही कळू दिलं नव्हतं.

मी अंदाज घ्यायला म्हणून विचारलं, “मी पंच्याण्णवच्या बॅचची. आठवते का हो मी?”

तुम्ही माझ्याकडे नीट पाहिलंत. “हजार पोरं येतात नि जातात, बाय. कोन ध्यानात ठेवतंय?”

माझा जीव भांड्यात पडला. खरं तर मलाही तुम्ही आठवत नव्हतात. लॅबमधले मामा म्हणजे आमच्या लेखी खाकी बाह्या आणि ट्रे ठेवणारे दोन हात. त्या हातांच्या वर चेहरा असतो, हे आम्ही बघायची तसदीच घेतली नाही. याची मला लाज वाटते, मामा. तेव्हा म्हणायला हवं होतं, ते आज म्हणते.

पुढच्या रविवारी मी कामोठ्याहून रिक्षा बदलत बदलत ओव्याला तुमच्या घरी आले. विचार असा होता की म्हाताऱ्याला नम्रपणे सांगावं, प्रॅक्टिकल नसतं, मला फक्त पेपर सोडवायचाय. तर तुम्ही ओटी धुऊन ठेवलेली. अंगात निवृत्तीनंतर घडी करून ठेवलेला खाकी शर्ट. दहा पाट ओळीने मांडलेले, प्रत्येकावर वाटी किंवा ताटली, आणि प्रत्येकापुढे तुमच्या ठळक अक्षरातली चिठ्ठी. स्पॉट नंबर एक, स्पॉट नंबर दोन. हातात पितळेची घंटी. मामी देवघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “देवाची घंटी उचलली गो यांनी, देव तसाच बसलाय.” तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ना मामा, ते बघून माझ्या तोंडून नम्रपणाचं वाक्य निघेना. तुम्ही विचारलंत, “तुमचं प्रॅक्टिकल कदी हाय?” मी म्हटलं, “असेल मे महिन्यात.”

झालं. एकदा तारीख दिली की टायपिस्टला ती खोडता येत नाही.

तिथून दर रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी मी त्या नसलेल्या परीक्षेला बसू लागले. नियम तुमच्या लॅबचाच. एका स्पॉटपाशी एक मिनिट उभं राहायचं, ओळखायचं, दोन वैशिष्ट्यं लिहायची, घंटी वाजली की पुढे सरकायचं. मागे वळून पाहायचं नाही. जास्वंद उभी कापलेली. मेणात टोचलेलं झुरळ. चिंबोरी, म्हणजे पुस्तकातला खेकडा. बकऱ्याची किडनी, मटणवाल्याकडून खास उभी कापून आणलेली; ती तुम्ही म्हणे दोनदा परत केली होती, काप सरळ नाही म्हणून. कोंबडीचं काळीज. आणि स्पॉट नंबर सात, मामींची कवळी.

मी कागदावर लिहिलं, ‘मामींची कवळी’.

“शून्य,” तुम्ही म्हणालात. “मालकाचं नाव कोन इचारतंय? दातांचं सूत्र लिव. सुळे किती, दाढा किती.”

आतून मामी बोळक्या तोंडाने ओरडल्या, “आटपा लवकर, मना जेवायचंय!”

पहिल्या दिवशी स्पॉट नंबर चारच्या, म्हणजे किडनीच्या, मी जवळही गेले नाही. लांबूनच बघून लिहिलं आणि मग तुमच्या जास्वंदीच्या झाडामागे जाऊन ओकले. तुम्ही तो पाट उचलून अंगणाच्या पार टोकाला, चिंचेखाली नेऊन ठेवलात. “आज नुस्ता लांबनं बग,” म्हणालात. मला वाटलं, बिचाऱ्यांना कळलंच नाही मला काय झालं ते. प्रॅक्टिकल संपलं की मामी सगळे स्पॉट गोळा करून आत न्यायच्या, आणि तासाभराने चार आणि पाच नंबरचा रस्सा बाहेर यायचा. पहिले दोन महिने मी भाकरी आणि मीठ खाऊन उठायची.

अभ्यासाचीही तुमची एक तऱ्हा. मी ओटीवर बसून पेपर सोडवायला घेतला की तुम्ही एक जुनी काचेची बरणी उघडून माझ्या बाजूला ठेवायचात. आत फॉर्मलीनमध्ये कुठल्या काळातला एक सरडा. त्या वासाने माझ्या नाकाडोळ्यांतून धारा लागायच्या. “या वासात वाचलेलं मरेपर्यंत इसरत नाय,” असं तुम्ही ठोकून द्यायचात. चौतीस वर्षांचा अनुभव म्हणून मी ते खरं मानलं. पुढे माझ्या क्लासच्या पोरांनाही सांगितलं आणि एका पोराने खरोखरच फॉर्मलीन आणलं, तेव्हा त्याच्या आईने मला फोन करून जे काय ऐकवलं ते तुम्हाला सांगण्याजोगं नव्हतं.

आणि आपलं ते भांडण! ते तसंच राहिलं, मामा. तुम्ही लॅबमध्ये लागलात तेव्हाच्या एका जुन्या सरांनी मागच्या बाकापर्यंत ऐकू येईल असं शिकवलं होतं, माणसाच्या पेशीत अठ्ठेचाळीस क्रोमोझोम. ते जुन्या काळच्या पुस्तकातलं. पुढे शास्त्रज्ञांनी नीट मोजले, शेहेचाळीस निघाले, पुस्तकं बदलली, सर बदलले. तुम्ही बदलला नाहीत. मी पुस्तक तुमच्या नाकासमोर धरलं.

“पुस्तक नवीन हाय गो,” तुम्ही म्हणालात. “मानूस जुनाच हाय.”

“मग दोन गेले कुठे?”

“कमी केले असतील. सरकार हल्ली सगल्यातच काटछाट करतंय.”

मी पुस्तक पिशवीत घातलं. पण तुम्ही ते इतक्या वेळा, इतक्या ठामपणे म्हणालात की व्हायचं तेच झालं. सीईटीच्या पेपरात प्रश्न आला, माणसाच्या पेशीतले लिंग ठरवणारे दोन क्रोमोझोम सोडून बाकी किती? उत्तर चव्वेचाळीस. माझ्या डोक्यात तुमचा आवाज घुमला, अठ्ठेचाळीस. त्यातून दोन गेले, शेहेचाळीस. पर्यायात शेहेचाळीस होतंच, आणि तो आकडा पुस्तकातलाही, म्हणून आणखीच बरोबर वाटला. गोल काळा केला आणि हॉलबाहेर आल्यावर कपाळावर हात मारून घेतला.

त्या संध्याकाळी मी ओव्याला आले तर तुम्ही ओटीवर वाट बघत होतात.

“स्पॉटिंगला काय काय आलं?”

“जास्वंद,” मी म्हटलं. “मग किडनी.”

“उभी कापलेली का आडवी?”

“उभी.”

“परीक्षक कुटला व्हता?”

“पुण्याचा होता कुणीतरी. टक्कल होतं.”

“टाय व्हता?”

“होता.”

“कुटल्या रंगाचा?”

“मरून,” मी म्हटलं. घामाने माझी पाठ भिजली होती.

“मरून टायवाले लई कडक,” तुम्ही गंभीरपणे म्हणालात. “नि घंटी कोन वाजवत व्हता?”

घंटीचा मी विचारच केला नव्हता. “एक मामा होते.”

“कसे दिसायला?”

“तुमच्यासारखेच.”

तुम्ही मान डोलावलीत, “थांब, आलो” म्हणून आत गेलात आणि बराच वेळ बाहेर आला नाहीत. मला वाटलं, म्हातारा गहिवरला. मलाही भरून आलं. मी मामींच्या हातचा चहा घेतला आणि अपराधी मनाने घरी गेले.

निकाल लागला, माझा नंबर थोडक्यात हुकला. खोटं कशाला बोलू, मी तुमच्यावर भयंकर चिडले. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी झुरळांपुढे उभं राहण्यात घालवल्या, तेवढ्यात फिजिक्सची किती गणितं झाली असती! वर तो अठ्ठेचाळीसचा घोळ. माझं वय वाढत होतं, आई स्थळं आणत होती, आणि मी एका पेन्शनरचं मन राखायला म्हणून कवळीतले दात मोजत होते. मी ओव्याला यायचं बंद केलं. कळवलंही नाही.

तीन रविवार गेले. चौथ्या सोमवारी तुम्ही माझ्या टेबलासमोर रांगेत उभे. तुमच्या पुढे चार माणसं होती. नंबर आला तसे बसलात, टोपी कीबोर्डवर.

“बाय, अर्ज लिव.”

“कुणाला?”

“जिचा तिला. लिव. इषय, गैरहजेरी. सदर मुलगी तीन रविवार नि तीन बुधवार न सांगता गैरहजर हाय. त्यामुलं दर खेपेला आनलेला माल आमी दोगं मानसं खाऊन खाऊन आजारी पडलो. तरी सदर मुलीनं येत्या बुधवारपासून हजर व्हावं, नायतर तिचा टर्म ग्रँट व्हनार नाय. कलावं.”

मी टाइप करत होते आणि मला अक्षरं दिसेनाशी झाली. मागचा माणूस म्हणाला, “बाई, लवकर आवरा, साहेब जेवायला जाईल.” मी प्रिंट काढली. तुम्ही सही केलीत, घडी घालून तो अर्ज माझ्याच हातात दिलात आणि पोच मागितलीत. मी पोच दिली. बुधवारी मी हजर होते.

दुसऱ्या वर्षी मी फिजिक्स केलं, चव्वेचाळीस पाठ केले आणि घंटीही ऐकली. एव्हाना किडनीचा पाट चिंचेखालून कधी अंगणाच्या मधे आला, कधी पायरीवर आला, कधी माझ्या चहाच्या कपाशेजारी आला, मला कळलंही नाही. पावसाळ्यात तुम्ही शेतातून एक मेलेला बेडूक आणलात. मी पाहिला. या खेपेला जास्वंदीमागे गेले नाही. “जिवनी बाजू वर करून बग,” तुम्ही म्हणालात, आणि मी हाताने कुशीवर वळवून त्याची उजवी बाजू वर केली. त्या रात्री चार नंबरचा रस्सा मी दोनदा मागून घेतला. मामी म्हणाल्या, “आता ही पोरगी आपल्याला उपाशी ठेवनार.”

सरकारी कॉलेजात माझं नाव लागलं ते वेटिंग लिस्टवरून, अगदी शेवटच्या फेरीत. टेबलावर आई बसली. ती एका बोटाने टाइप करते आणि दहा बोटांनी बोलते, पण टेबल चालू राहिलं. पहिल्या दिवशी मी डिसेक्शन हॉलमध्ये शिरले तर अठरा-अठरा वर्षांची सगळी पोरं ताडकन उभी राहून म्हणाली, “गुड मॉर्निंग, मॅडम.” मी एकतीस वर्षांची, साडीतली, त्यांचं काय चुकलं? मग चादरी काढल्या. दोन पोरं आडवी झाली, एक मुलगी तोंड दाबून पळाली. मी उभी होते. वास आला, तो तर आपल्या सरड्याचाच. मी जवळ गेले, टेबलावर हात ठेवला, आणि मनात पहिला विचार आला तो असा की आता घंटी वाजेल.

संध्याकाळी तुम्हाला फोन केला. “मामा, मी पडले नाही!”

“पडायचं कशाला?” तुम्ही म्हणालात. “जेवलीस काय?”

मला वाटलं, वयाने माणूस घट्ट होतो, तशी मी घट्ट झाले. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. इतकी वर्षं माझ्या डोक्यात तुमची आणि माझी गोष्ट अशीच होती, की एका एकट्या पडलेल्या निवृत्त माणसाचा मान राखायला एका दिलदार बाईने खोट्या परीक्षेला बसून दाखवलं. मित्रमैत्रिणींनाही मी ती तशीच सांगायची. सगळे म्हणायचे, किती मोठं मन गं तुझं. मी नको नको म्हणायची आणि मानून घ्यायची.

मी डॉक्टर झाले, सरकारी दवाखान्यात लागले, तुम्ही तिथे बीपी तपासून घ्यायला येऊन माझ्या पेशंटची रांग सरळ करायचात. एकाला तर “टोपी काढ, स्पॉट झाकला” म्हणून दटावलंत. गोळ्या मी लिहून द्यायची, तुम्ही अर्ध्याच घ्यायचात. सरकारच्या काटछाटीला नावं ठेवणारा माणूस! त्यावरून आपण भांडलो ते शेवटचं. त्या मंगळवारी दुपारी तुम्ही जेवून ओटीवर आडवे झालात आणि उठला नाहीत. मी धावत आले, पण माझ्या करण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. नाडी मी तीनदा बघितली. पहिल्यांदाच कळायला हवं होतं, कळलंही होतं. तरी तीनदा बघितली.

मग मामींनी ट्रंकेतून कागद काढला. देहदानाचा. माझ्याच कॉलेजच्या नावाने, साक्षीदारांच्या सह्यांसकट. टाइप माझ्या आईने केला होता, एका बोटाने, आणि दोघांनी मला पत्ता लागू दिला नव्हता. ओव्यातली माणसं जमली, कुजबुज सुरू झाली. अग्नी नाय, पिंड नाय, असं कुटं असतंय काय? मामी उठून उभ्या राहिल्या. “चौतीस वरसं या मानसानं बेडकं-झुरलं नीट मांडली,” त्या म्हणाल्या. “आता त्यांना नीट मांडायचं आपलं काम हाय. गाडी बोलवा.”

गाडीत तुम्ही मधे आडवे, एका बाजूला मामी, एका बाजूला मी. खारघर मागे पडलं आणि माझा धीर सुटला. मी मामींना म्हटलं, “मामी, मी मामांना फसवलं हो. सीईटीला प्रॅक्टिकल नसतंच. मी कधी बोललेच नाही.”

मामींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ‘मामींची कवळी’ लिहिल्यावर तुम्ही पाहिलं होतंत.

“त्यांना ठावं व्हतं गो,” त्या म्हणाल्या. “कॉलेजात जल्म काढला मानसानं, सीईटीत काय असतंय ते ठावं नसंल?”

“मग?”

“मंग काय? तुज्या टेबलावरनं आले तेच सांगत आले. भुवईवरचा वन बगून वलखली तुला. म्हनले, बेडूक बगून पडली व्हती ती पोरगी, मीच उचलली व्हती. पेपर काढंल ती, हुशार हाय. पन मेडिकलच्या दारातनं परत येल. आशी लई परत आलेली बगितली त्यांनी. सरल सांगितलं आसतं, तुजी भीती घालवतो, तर तू आली आसतीस काय?”

नसते आले, मामा. मी तर भीती आहे हेच कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला तेही ठाऊक होतं, म्हणून तुम्ही मला न ओळखल्याचं सोंग केलंत. लांबचा पाट, जवळचा पाट, सरड्याची बरणी, सगळं एकेक करून माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि माझ्या मोठ्या मनाची जी काय शोभा झाली म्हणता!

“नि त्या मरून टायच्या दिवशी,” मामी म्हणाल्या, “आत येऊन तोंडात पंचा कोंबून हसत व्हते. मना म्हनले, बग, घंटीवाला मामापन केला पोरीनं.”

मी हसायला लागले. मामीही. तुम्ही मधे पडलेले आणि आम्ही दोघी डोळे पुसत हसतोय. ड्रायव्हर आरशातून बघत होता, त्याला वाटलं असेल बायांचं डोकं फिरलं. मग हसता हसता माझं रडणं सुरू झालं आणि ते थांबेना. लबाड माणूस! मला एकदा तरी आभार मानू द्यायचे होते. एकदा भांडू तरी द्यायचं होतं. मला तुमची फार आठवण येते, मामा.

कॉलेजच्या शरीररचना विभागात तिथले मामा म्हणाले, “मॅडम, बाहेर थांबलात तरी चालेल.” मी म्हटलं, नको. आत आले. उभी राहिले. तुम्हाला ट्रेमध्ये तिरकं ठेवलेलं काही चालायचं नाही, म्हणून टेबलावर तुम्हाला सरळ केलं, चादर दोन्ही बाजूंनी सारखी केली आणि मगच सही केली.

विभागप्रमुख बाई मला शिकवायला होत्या. म्हणाल्या, यांना नव्या बॅचसाठी ठेवू. मी त्यांना विचारलं, पहिल्या दिवशी मी हॉलच्या दारात उभी राहिले तर चालेल का? त्यांना वाटलं, मला भाषण करायचंय. म्हटलं, भाषण नाही. यांना बघून कुणीतरी पडणार. अठरा वर्षांची कुठली तरी पोरगी भुवई फोडून घेईल आणि तिला वाटेल, आपलं डॉक्टर होणं इथेच संपलं. ती पडायच्या आत तिला धरायला कुणीतरी लागेल. बाईंनी हो म्हणून तारीख सांगितली.

मी घरी आल्या आल्या त्या दिवसाच्या रजेचा अर्ज टाइप केला. कारणाच्या रकान्यात काय लिहावं, बराच वेळ सुचेना. शेवटी ‘घरगुती’ असं लिहिलं. काल रजा मंजूर होऊन आली.